मागच्यासाठी लावलेला दिवा

मोटार विकत घेतली की हप्ते सुरू होतात आणि त्यांच्या पाठोपाठ ती 'आपली' करून घेण्याची हौसही सुरू होते. वडीलधाऱ्यांची ही हौस डॅशबोर्डवरील तीर्थंकरांच्या लहानशा प्रतिमेवर आणि मागच्या काचेवरील 'जय जिनेंद्र' किंवा 'जगा आणि जगू द्या' या अक्षरांवर भागते. घरातील तरुणाची तेवढ्यावर भागत नाही. त्याला चाकांच्या तबकड्या काळ्या हव्या असतात, समोरची जाळी काळी हवी असते आणि अलीकडे मागचे लाल दिवेही काळसर हवे असतात. या शेवटच्या प्रकाराला गॅरेजमध्ये 'स्मोक करणे' असे म्हणतात. कोणी तयार फिल्म चिकटवून घेतो. परंतु पारदर्शक काळसर रंगाचा स्प्रेचा डबा आणून रविवारच्या एका दुपारी हे काम घराच्या अंगणातच उरकणारेही आहेत.

काम नीट साधले तर ते देखणे दिसते, हे मान्य केले पाहिजे. पांढऱ्या किंवा करड्या मोटारीला मागून एक वेगळाच रुबाब येतो. आणि ते साधणे सोपे नाही. प्रथम दिवे साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावयाचे. मग ६०० ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरने त्यांची चकाकी मोडावयाची, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते. भोवतालच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावून वर्तमानपत्राचे कागद बसवावयाचे. डबा वीतभर अंतरावर धरून, हात न थांबवता, एकावर एक पातळ थर द्यावयाचे आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत धीर धरावयाचा. हात क्षणभर थांबला तर ओघळ येतो, थर जाड झाला तर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पोत उमटतो, हवा दमट असली तर रंग पांढुरका पडतो. शेवटी क्लिअर कोट, तो पक्का वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने ओली घासणी, आणि त्यावर पॉलिश. एवढी चिकाटी दाखविणारा मुलगा उनाड म्हणता येणार नाही. उलट, मोबाइल बाजूला ठेवून चार तास हाताने काम करणारा मुलगा घरात असणे ही आजकाल समाधानाची बाब आहे.

तथापि हा दिवा मुळात कोणासाठी बसविलेला आहे, याचा विचार त्या दुपारी सहसा होत नाही.

मोटारीतील जवळजवळ प्रत्येक सोय आत बसणाऱ्यासाठी असते. आसने, वातानुकूलन, संगीत तर झालेच. समोरचे दिवेही चालकाला रस्ता दिसावा म्हणूनच असतात. मागच्या दिव्याची गोष्ट निराळी. त्याचे पैसे मालक मोजतो, त्याच्यासाठी बॅटरी मालकाची झिजते, बल्ब गेला तर भुर्दंड मालकालाच पडतो. आणि मोटार चालवीत असताना तो दिवा मालकाला कधीही दिसत नाही. त्याचा सर्व उपयोग मागून येणाऱ्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाला. पुढे वाहन आहे, ते एवढ्या रुंदीचे आहे, ते आता थांबते आहे, ते आता डावीकडे वळणार आहे, एवढा मजकूर तो दिवा शब्दांवाचून सांगत असतो.

जुन्या पद्धतीच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक ५ वॅटची, जी रात्रभर मंद लाल उजेड देते. दुसरी २१ वॅटची, जी ब्रेकवर पाय पडताच पेटते. मागच्या चालकाने ओळखावयाचे असते ते या दोहोंतील अंतर. काळसर थर दिल्याने हे प्रमाण बदलत नाही, कारण दोन्ही उजेड सारख्याच हिश्शाने कमी होतात. परंतु दुपारच्या कडक उन्हात, सूर्य थेट दिव्यावर पडलेला असताना, ब्रेकचा दिवा पेटला की नाही हे आधीच जेमतेम कळते. त्यातून निम्मा प्रकाश काढून घेतला की ते कळेनासे होते. रात्रीपेक्षा दुपारची ही फसगत अधिक वाईट, कारण रात्री चालक मुळातच सावध असतो.

प्रकाश नेमका किती कमी होतो, हा साध्या गुणाकाराचा हिशेब आहे. समजा, रंगाचा एक थर १०० पैकी ६० भाग प्रकाश पलीकडे जाऊ देतो. दुसऱ्या थरानंतर ३६ भाग उरतात. तिसऱ्यानंतर साडेएकवीस. प्रत्येक थर देताना 'अजून थोडेच' असे वाटते, पण ते 'थोडे' आधीच्या उरलेल्यावर चालते. ठेवीवरील चक्रवाढ व्याजाचे कोष्टक ज्यांनी वापरले आहे, त्यांना हे त्याच कोष्टकाचे उलटे पान वाटेल.

याहून मोठी हानी जिथे होते ती जागा बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. अनेक मोटारींत मागच्या दिव्याच्या लाल काचेतच रिफ्लेक्टरचा एक भाग असतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, तोच तो. (काही मोटारींत तो खाली बंपरवर वेगळा बसवितात, तोही काळा करणारे आहेत.) त्या नक्षीतील प्रत्येक कप्पा घनाच्या कोपऱ्यासारखा कोरलेला असतो आणि त्याच्यावर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो. त्याला बल्ब लागत नाही, बॅटरी लागत नाही. मोटार रस्त्याच्या कडेला बंद पडली, बॅटरी उतरली, चालक मदत आणायला गेला, तरी येणाऱ्या वाहनाच्या उजेडात तो रिफ्लेक्टर चमकून साक्ष देतो. आता त्यावर काळसर थर आला की प्रकाशाला तो थर दोनदा ओलांडावा लागतो, जाताना एकदा आणि येताना एकदा. एका थरातच १०० चे ३६ होतात. दोन थरांत १३. तीन थरांत ५ भागही परत येत नाहीत. बल्बच्या बाबतीत जो थर 'हलका' म्हणून दिला, तोच रिफ्लेक्टरच्या बाबतीत त्याला जवळपास बंद करून टाकतो.

मग काम करणाऱ्याला हे कळत कसे नाही? कारण त्याची परीक्षाच चुकीच्या जागी होते. संध्याकाळी अंगणात, आठ-दहा फुटांवर उभे राहून, धाकट्या भावाला ब्रेक दाबायला सांगून तो पाहतो. गडद काचेतून उमटणारा तो लालभडक उजेड त्याला पूर्वीपेक्षाही सुंदर दिसतो. माणसाच्या डोळ्याला प्रकाश निम्मा झाला तरी तो निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. थोडासा मंदावला एवढेच वाटते. शिवाय अंतर दहापट झाले की डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश शंभरावा हिस्सा होतो, हा निसर्गाचा नियम अंगणात अनुभवाला येत नाही. ज्याला हा दिवा पाहावयाचा आहे तो अंगणात उभा नसतो. तो शंभर-दीडशे मीटर मागे असतो, त्याच्या काचेवर पावसाचे थेंब किंवा धूळ असते, समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर दिव्यांनी त्याचे डोळे दिपलेले असतात, आणि कदाचित त्याचे वय सत्तर असते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते. पुढचा थांबतो आहे हे अर्धा सेकंद उशिरा कळले, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच ११ मीटर अंतर संपलेले असते. अडीच मोटारींच्या लांबीहून हे अंतर जास्त आहे. तारेच्या बल्बाऐवजी एलईडी दिवे वापरण्याचा एक लाभ याच हिशेबात बसतो. तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा घेते, एलईडी तत्काळ पेटतो. एवढ्या वेळात त्याच वेगाचे वाहन चार मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. वाहने बनविणारे सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी खर्च करतात आणि स्प्रेचा एक डबा तो लाभ परत घेऊन टाकतो.

मागच्या दिव्याला किती महत्त्व द्यावे, याचा एक बोलका प्रयोग १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. काही टॅक्सींच्या मागच्या काचेजवळ मध्यभागी ब्रेकचा एक जादा दिवा बसविला आणि काही टॅक्सी पूर्वीसारख्याच ठेवल्या. दहा महिन्यांनंतर जादा दिवा असलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. पुढे १९८६ पासूनच्या नव्या मोटारींवर तेथे हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. तो सर्वत्र दिसू लागल्यावर नवलाई ओसरली आणि दीर्घकालीन घट ४.३ टक्के एवढी स्थिरावली. पहिल्या वर्षाचे आकडे पाहून कोणत्याही योजनेवर भाळू नये, हे यातून दिसतेच. पण कोट्यवधी वाहनांच्या देशात ४.३ टक्के ही रक्कम लहान नव्हे. एक दिवा वाढविल्याने माणसे वाचतात हे जर मोजून सिद्ध झाले आहे, तर असलेले दिवे मंद केल्याने काय होत असेल, हे वेगळे मोजण्याची गरज उरत नाही.

यावर तरुणांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. मागून येऊन धडकतो त्याचाच दोष धरला जातो, मग आपल्याला काय? व्यवहारात हे बरेचसे खरेही आहे. अंतर राखण्याची जबाबदारी मागच्याचीच असते. परंतु दोष कोणाच्या नावे लिहिला जातो आणि इजा कोणाला होते, या दोन निरनिराळ्या खातेवह्या आहेत. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला दुचाकीस्वार काळ्या दिव्यांच्या मोटारीवर आदळला, तर मोटारीचा बंपर बदलावा लागेल. त्याचे काय होईल, ते सांगायला नको. पंचनाम्यात दोष त्याच्या नावावर पडला तरी.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा मागून १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. काचांवरील काळ्या फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिल्यानंतर शहरोशहरी पोलिसांनी फिल्म उतरविल्या, हे अनेकांना आठवत असेल. त्यामुळे काळी काच म्हणजे दंड, एवढे लोकांच्या मनात बसले; दिव्यांचे मात्र तसे झाले नाही. अपघातानंतर विमा सर्वेक्षकाच्या अहवालात काळे केलेले दिवे नोंदले गेले, तर दाव्याच्या वेळी प्रश्न उपस्थित होऊ शकतो, हेही हौशी मालकाने ध्यानात ठेवावे. काही मोटारींना कारखान्यातूनच काळसर दिवे येतात, मग त्यांना का चालते, असेही विचारले जाते. तेथे काच गडद आहे हे धरूनच आतील प्रकाशस्रोत योजलेला असतो आणि बाहेर पडणारा उजेड मोजून त्या दिव्याला मान्यता घेतलेली असते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या आणि त्यांच्या भागांच्या अशा चाचण्या करते. अंगणातील डब्याला ही परीक्षा द्यावी लागत नाही. उजेड कमी पडतो म्हणून आत जास्त वॅटचा बल्ब बसविण्याचा उपाय काही जण करतात. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि प्लास्टिकची काच वाकते, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

जैन श्रावकाला मात्र या विषयात कायद्याच्या आधी दुसरी एक गोष्ट आठवावी. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार हा एक आहे. कोणी एकाने ठेव ठेवली. काळाच्या ओघात नेमकी किती ठेवली होती याचा त्याला विसर पडला. परत येऊन त्याने मूळ रकमेपेक्षा कमी मागितली. ठेव सांभाळणाऱ्याला खरा आकडा ठाऊक आहे, तरी तो 'बरोबर, तेवढीच' म्हणून कमी रक्कम हाती देतो. येथे उघड चोरी नाही. मागणाऱ्याचे समाधान झाले आहे, तक्रार कोणाचीच नाही. तरीही आचार्यांनी याला अतिचार म्हटले आणि तेही सत्यव्रताचा. बँकेच्या काउंटरवर उभे राहिलेल्या कोणालाही यातील सूक्ष्मता कळेल. कमी मिळाले हे खातेदाराला माहीत नसणे, हाच त्या व्यवहारातील खरा दोष आहे.

मागच्या दिव्याचा उजेड ही अशीच एक ठेव आहे. ठेवीदार म्हणजे मागून येणारा प्रत्येक जण. त्याला आपल्या हक्काचा उजेड किती होता, हे ठाऊक नाही. १०० च्या जागी ३६ हाती पडले तरी तो काही बोलणार नाही, कारण त्याने १०० कधी पाहिलेलेच नाहीत. खरा आकडा फक्त त्याला माहीत आहे ज्याने थर दिले.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात. त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे अशा गोष्टी गणल्या आहेत. पोट भरण्यासाठी, घर चालविण्यासाठी जी हिंसा गृहस्थाला टळत नाही तिचा विचार वेगळा. ज्यातून काही साधत नाही आणि तरी इतर जिवांना उपद्रव होतो, ते अनर्थदंड. शेती करणारा जैन नांगर चालवितो तेव्हा त्याला धान्य पिकवायचे असते. दिवा काळा करून काय पिकते? तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या लक्षणात प्रमादाला जे स्थान दिले आहे, तेही येथे विसरता येत नाही. कोणाला मारण्याची इच्छा त्या तरुणाच्या मनात मुळीच नसते. बेसावधपणा मात्र डब्यासोबत विकत आणलेला असतो.

हा प्रश्न दूरच्या महानगरांतला नाही. सांगली-कोल्हापूर भागात चातुर्मास संपला की मुनिसंघांचे, साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि नेमका त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगामही सुरू होतो. कृष्णा-वारणेच्या काठच्या रस्त्यांवर त्या दिवसांत पहाटे धुके असते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उसाने इतक्या भरलेल्या असतात की मागे लोंबणाऱ्या वाढ्यांखाली दिवा असला तरी झाकला जातो. अशा ट्रॉल्यांवर मागून आदळून किती घरे उजाड झाली, हे या भागातील कोणत्याही खेड्यात विचारावे. म्हणूनच दरवर्षी पोलीस, परिवहन कार्यालय, कारखाने आणि सेवाभावी मंडळी ट्रॉल्यांना लाल पट्ट्या, रिफ्लेक्टर, निदान लाल कापड तरी लावण्याची मोहीम काढतात. ज्या तालुक्यात शेतकऱ्याच्या ट्रॉलीला हातभर चमकती पट्टी चिकटविण्यासाठी माणसे रस्त्यावर उभी राहतात, त्याच तालुक्यात लाखो रुपयांच्या मोटारीला कारखान्याने बसवून दिलेला रिफ्लेक्टर कोणी स्वखर्चाने बुजवितो, ही विसंगती कोणाच्याही मनाला टोचावी अशी आहे.

विहाराचा विचार तर अधिक जवळचा. साधू-साध्वी पायी चालतात. त्यांच्या अंगावर दिवा नाही, चमकती पट्टी नाही. अनेक ठिकाणी समाजातील तरुण चमकती जॅकेटे घालून त्यांच्या पुढे-मागे चालतात आणि सगळ्यांच्या मागे एखादी मोटार संथ गतीने येत असते. भरधाव वाहतूक आणि संघ यांच्यामध्ये त्या वेळी उभी असते ती त्या मोटारीच्या मागची लाल खूण. ती मोटार बहुधा कोणा हौशी तरुणाचीच असते, कारण पहाटे उठून सेवेला येणारेही तेच असतात. विहारसेवेची वाहने ठरविताना त्यांचे मागचे दिवे पाहून घेण्याची पद्धत प्रत्येक गावच्या मंडळाने पाडावी. त्याला पैसा लागत नाही.

घरातील आई-वडिलांनी मात्र मुलाच्या हातातील डबा हिसकावून घेऊ नये. हौस वाईट नाही आणि हातचे कसब तर नाहीच नाही. तोच काळा रंग चाकांच्या तबकड्यांना, समोरच्या जाळीला, आरशांच्या पाठीला द्यावा; तेथे तो कोणाचे काही घेत नाही. काम करताना चेहऱ्यावर योग्य मास्क असावा आणि जागा मोकळी असावी. दोन घटक मिसळून वापरावयाच्या क्लिअर कोटमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि साध्या रुमालाने ते अडत नाही.

दिवे आधीच रंगविले असतील तर ते पूर्ववत करता येतात, फक्त घाई करू नये. फिल्म असेल तर केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा देत ती कडेने हळूहळू सोडवावी. रंग असेल तर थिनर किंवा पेट्रोल लावण्याचा मोह टाळावा; दिव्याची काच खरे तर अॅक्रिलिक किंवा तत्सम प्लास्टिकची असते आणि अशा द्रवांनी तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ८०० नंबरपासून सुरुवात करावी, मग १५०० आणि २००० पर्यंत चढत जावे आणि शेवटी पॉलिशने चकाकी आणावी. रिफ्लेक्टरची नक्षी काचेच्या आतल्या बाजूला असल्याने वरच्या घासणीने तिला धक्का लागत नाही. रंग फार मुरला असेल तर दिव्याचे नवे कव्हर किंवा पूर्ण दिवा बदलणे बरे.

रंग दिलेला असो वा नसो, प्रत्येक घराने एक चाचणी करून पाहावी. सरळ, रहदारी नसलेल्या रस्त्याच्या कडेला मोटार उभी करावी, एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने मागे मोजून दोनशे पावले चालत जावे. नियमातील १५५ मीटर साधारण तेवढेच भरतात. तेथून आधी साधा दिवा, मग ब्रेक, मग इंडिकेटर पाहावा. ही चाचणी एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर करावी. मागे चालत जाण्याचे काम शक्य तर घरातील आजोबांना द्यावे.